मुलाच्या घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी: अशा वर्गासाठी शिक्षक तयार कसे होतात?

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून किती रान पेटलं होतं, ते तुम्हाला आठवत असेलच. १६ एप्रिलला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही सक्तीची तिसरी भाषा करणारा जीआर काढला, १७ जूनला त्यात बदल करून दुसरा काढला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले. मग डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. त्या अडीच महिन्यांत टीव्हीवर, रील्सवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर एकच वाद सुरू होता: मुलांना भाषा कोणती शिकवायची?

ती शिकवणार कोण, आणि घरी ती भाषा न बोलणाऱ्या मुलाला ती कशी शिकवतात हे त्या शिक्षकाला कोणी शिकवलंय का, हे फारसं कोणी विचारलं नाही. हा प्रश्न फक्त हिंदीचा नाही. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांसाठी खुद्द मराठी हीच दुसरी भाषा आहे.

नेमकी कोणती मुलं?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे ६९ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. म्हणजे दहातल्या तिघांची घरची भाषा दुसरीच होती. त्यात मुंबईतले गुजराती, उर्दू, हिंदी बोलणारे आले, सोलापूरचे तेलुगू आणि कन्नड बोलणारे आले. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारमध्ये भिली, पावरी आणि मावची बोलणारे आले. विदर्भ-मराठवाड्यातल्या तांड्यांवर गोरमाटी म्हणजे बंजारा बोली चालते. (जनगणनेत ही बोली हिंदीच्या गटात मोजली जाते. तांड्यावरच्या आजीला हे सांगून बघा!)

यातल्या काहींना आपल्या भाषेतली शाळा मिळते. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. पण कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा येते ती थेट मराठी माध्यमाची जिल्हा परिषद शाळा किंवा आश्रमशाळा.

आता मेळघाटातल्या पहिलीच्या एका वर्गाची कल्पना करा. गुरुजींची बदली अमरावतीच्या सपाटीवरच्या तालुक्यातून झालेली, घरची भाषा वऱ्हाडी. समोर पंचवीस मुलं, सगळी कोरकू बोलणारी. गुरुजी 'पाणी' म्हणतात, मुलाच्या डोक्यात पाण्यासाठी शब्द आहे 'डा'. हेच गुरुजी गडचिरोलीत असते तर मुलाच्या डोक्यात 'येर' असता. प्रश्न एकेका शब्दाचा असता तर महिनाभरात सुटला असता. पण मराठी आर्यभाषा कुळातली, गोंडी द्रविड कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली. म्हणजे कोरकूचं नातं मराठीपेक्षा झारखंडमधल्या संथाळी-मुंडारीशी जास्त जवळचं आहे. वाक्याची घडणच वेगळी.

गुरुजी विचारतात, मूल गप्प बसतं. गुरुजींच्या वहीत नोंद होते: 'मंद', 'लक्ष देत नाही', 'घरी अभ्यास घेत नाहीत'. खरं तर या मुलाला जंगलातली झाडं नावानिशी माहीत असतात, बकऱ्या मोजता येतात, गोष्ट रंगवून सांगता येते. त्याच्याकडे नाही ती फक्त मराठी.

पण भाषा शिकवणं म्हणजे भाषा शिकवणं, त्यात वेगळं काय?

खूप वेगळं. मराठी घरातलं सहा वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्याकडे हजारो शब्द असतात, जवळजवळ सगळं व्याकरण असतं. 'मी आलो' आणि 'मी आले' यातला फरक त्याला कोणी शिकवत नाही, तो त्याच्या तोंडात असतो. शिक्षकाचं काम असतं त्या बोलण्याला अक्षरं जोडून देणं. पहिल्या भाषेचा तास म्हणजे मुख्यतः वाचायला-लिहायला शिकवण्याचा तास.

दुसऱ्या भाषेत उलटं असतं. इथे आधी भाषाच घडवायची असते: कानावर पडणं, मग कळणं, मग बोलणं, मग वाचन. यातला क्रम चुकला की काय होतं? मूल वाचायला लागतं, पण त्याला कळत काहीच नाही. देवनागरी या बाबतीत फसवी आहे. अक्षर दिसतं तसा उच्चार, त्यामुळे अर्थ न कळताही मूल खडाखडा वाचू शकतं. अधिकारी येतात, मुलाला धडा वाचायला लावतात, मूल वाचतं, सगळे खूश! 'यातला मुलगा रडत का होता?' असं विचारलं की शांतता.

गंमत म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांना हा फरक ठाऊक आहे. मराठी माध्यमात दहावी केलेल्यांनी 'कुमारभारती' वाचलं असेल, इंग्रजी माध्यमवाल्यांनी 'अक्षरभारती'. पहिलं प्रथम भाषेचं पुस्तक, दुसरं द्वितीय भाषेचं. खालच्या वर्गांसाठीही 'बालभारती' आणि 'सुलभभारती' अशी वेगवेगळी पुस्तकं आहेत. म्हणजे पुस्तकं दोन प्रकारची काढायला हवीत हे आपल्याला कधीच उमगलं. शिकवणारे मात्र एकाच साच्यातून बाहेर पडतात. आणि कोरकू मुलाला तर दुसऱ्या भाषेचं पुस्तकही मिळत नाही. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून पुस्तक प्रथम भाषेचं.

मग अशा शिक्षकाला शिकवायचं काय?

इथे जरा थांबू, कारण खरा मुद्दा हाच आहे.

बहुभाषिक वर्गांसाठीच्या प्रशिक्षणांत एक जुना प्रयोग वापरतात. प्रशिक्षक वर्गात येतो आणि सगळ्या शिक्षकांना अजिबात न येणाऱ्या भाषेत धडा सुरू करतो. समजा, तमिळमध्ये. फळ्यावर तमिळ अक्षरं लिहितो, प्रश्न विचारतो, उत्तर आलं नाही की जरा आवाज चढवून तोच प्रश्न पुन्हा विचारतो. (आवाज वाढवला की भाषा कळते, हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज आहे. परदेशी पर्यटकांशी बोलतानाही आपण हेच करतो.) दहा मिनिटांत वीस-वीस वर्षं नोकरी झालेले शिक्षक खाली बघायला लागतात, शेजाऱ्याचं बघून लिहायला लागतात, कोणी हसण्यावारी नेतं, कोणी चिडतं. म्हणजे जे त्यांची मुलं रोज करतात, तेच. मग प्रशिक्षक तोच धडा पुन्हा घेतो. या वेळी वस्तू हातात घेऊन, हावभाव करून, चित्रं दाखवून, एकच वाक्य सात-आठ वेळा वेगवेगळ्या प्रकारे वापरून, आणि मधेमधे शिक्षकांच्या भाषेत बोलायची मुभा देऊन. भाषा तीच, पण आता कळायला लागते. हा फरक अंगावर येणं ही प्रशिक्षणाची पहिली पायरी.

त्यानंतर कौशल्यांची पाळी. त्यातलं पहिलं काम अगदी साधं: वर्गाचा भाषिक नकाशा काढणं. कोणतं मूल घरी काय बोलतं? मराठी किती कळते आणि किती बोलता येते? आणि स्वतः शिक्षकाला मुलांची भाषा किती येते? सगळी मुलं एका भाषेची आणि शिक्षकालाही ती येते, ही सगळ्यात सोपी परिस्थिती. मुलं एका भाषेची आणि शिक्षक परका, हा मेळघाटातला प्रकार. एकाच वर्गात चार-पाच भाषा, हा मुंबई-पिंपरीतला प्रकार. आणि मुलांची बोली मराठीच्या इतकी जवळची की शिक्षकाला ती 'अशुद्ध मराठी' वाटते, हा चौथा. प्रत्येक ठिकाणी करायच्या गोष्टी वेगळ्या. सगळ्यांना एकच पीपीटी दाखवून हे जमत नाही.

दुसरं, गप्प मुलाला गप्प राहू देणं. नवी भाषा शिकणारी मुलं सुरुवातीला बराच काळ फक्त ऐकतात. त्या काळात 'बोल, बोल' करून उपयोग नसतो. मूल न बोलताही कळल्याचं दाखवू शकेल अशा गोष्टी कराव्या लागतात. 'खिडकीजवळ जा', 'लाल खडू दे', 'दोन उड्या मार'. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात ही ऐकून कृती करण्याची पद्धत मांडली आणि ती आजही जगभर वापरली जाते. खर्च शून्य, परिणाम चांगला.

तिसरं, चुकांकडे बघण्याची नजर. कोरकू बोलणारं मूल 'माझा आई आला' म्हणालं तर वर्ग हसतो. पण कोरकूत मराठीसारखं पुल्लिंग-स्त्रीलिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. तिथला मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. म्हणजे मूल निष्काळजीपणे बोलत नाही, ते आपल्या भाषेच्या नियमाने चाललंय. प्रशिक्षित शिक्षक 'चूक!' म्हणत नाही, 'हो का, तुझी आई आली? कुठून आली?' असं म्हणून बरोबर वाक्य मुलाच्या कानावर घालतो आणि संवाद पुढे नेतो.

याच भाषेची दुसरी बाजूही बघा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. हिंदीत दोन्हीला 'हम', इंग्रजीत दोन्हीला 'वी'. मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषकांना तो वर्षानुवर्षं जमत नाही. कोरकूत हा भेद आहेच! वर कोरकूत दोघांसाठी वेगळं द्विवचनही आहे, संस्कृतसारखं. म्हणजे 'आम्ही दोघं', 'आपण दोघं', 'आम्ही सगळे' आणि 'आपण सगळे' यांना चार वेगळी सर्वनामं. हे माहीत असलेला शिक्षक 'आम्ही-आपण' शिकवताना मुलाला म्हणू शकतो, तुझ्या भाषेत आहे ना, तसंच. मुलाची भाषा अडचण न राहता शिडी होते ती अशी. शिक्षकाने कोरकूचा विद्वान व्हायची गरज नाही. पण दोन-चारशे शब्द, रोजची वाक्यं आणि दोन भाषांमधल्या अशा आठ-दहा फरकांची माहिती एवढं तरी हवं.

चौथं कौशल्य सगळ्यात अवघड: दोन भाषा कधी आणि किती मिसळायच्या. अनेक चांगले शिक्षक प्रत्येक मराठी वाक्याचं लगेच मुलांच्या भाषेत भाषांतर करतात. हेतू चांगला, पण मुलं हुशार असतात. भाषांतर येणारच आहे हे कळल्यावर ती मराठी वाक्य ऐकणंच सोडून देतात. त्याऐवजी गोष्टीची पार्श्वभूमी, अवघड कल्पना आणि मुलांचा विचारविनिमय घरच्या भाषेत, आणि त्याच गोष्टीतले ठरावीक शब्द, वाक्यं मराठीत, अशी आखणी करावी लागते. मुलाला उत्तर अर्धं कोरकूत, अर्धं मराठीत द्यावंसं वाटलं तर देऊ द्यायचं. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९० च्या दशकात वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा वर्गात हेतुपूर्वक वापरण्याच्या पद्धतीला नाव दिलं, तेच पुढे 'ट्रान्सलँग्वेजिंग' म्हणून जगभर पोहोचलं. आपल्याकडचे अनुभवी शिक्षक हे नाव न ऐकताच करत आलेत. प्रशिक्षणाने एवढंच करायचं की ते अंदाजपंचे न राहता ठरवून व्हावं.

तिसरीत मूल छान मराठी बोलतं. मग झालं की काम!

इथेच बहुतेक जण फसतात. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला: गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. टोरोंटोमधल्या स्थलांतरित मुलांच्या आकडेवारीवरून त्यांनी दाखवलं की रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा मुलं साधारण दोन वर्षांत शिकतात, पण वर्गातल्या अभ्यासात बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात.

आपल्या वर्गात हे कसं दिसतं? मूल मैदानावर मराठीत भांडतं, दुकानात मराठीत बोलतं. शिक्षक म्हणतात, येते की मराठी. आणि परीक्षेत 'खालीलपैकी कोणते विधान असत्य आहे?' असा प्रश्न येतो. 'कारणे द्या', 'तुलना करा', 'शिल्लक रक्कम', 'बाष्पीभवन' हे शब्द मैदानावर कधी भेटत नाहीत. गणितात नापास झालेलं मूल गणितात कच्चं आहे की गणिताच्या मराठीत, हे शोधायला एक सोपा उपाय आहे: तेच उदाहरण त्याच्या घरच्या भाषेत विचारायचं. पण त्यासाठी विषयशिक्षकालाही हे प्रशिक्षण हवं. बहुभाषिक वर्गात गणिताचा शिक्षकसुद्धा भाषाशिक्षक असतो, त्याला ते माहीत असो वा नसो.

कमिन्स यांचं दुसरं म्हणणं पालकांच्या जास्त कामाचं आहे. वाचायला शिकणं हे कौशल्य माणूस एकदाच शिकतो. घरच्या भाषेत ते पक्कं झालं की दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्यामुळे 'कोरकूत वेळ घालवला तर मराठी मागे पडेल' ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे.

बऱ्याच अंशी म्हणतेय, कारण एक प्रयोग सावध करणारा आहे. कॅमेरूनमध्ये कोम भाषा बोलणाऱ्या भागात २००७ पासून १२ शाळांमध्ये पहिली तीन वर्षं कोममधून शिकवलं गेलं. तिसरीपर्यंत ही मुलं थेट इंग्रजीतून शिकणाऱ्यांच्या बरीच पुढे होती. मग चौथीला माध्यम एकदम इंग्रजी झालं आणि पाचवीपर्यंत ही आघाडी बरीचशी ओसरली. मला यातून दिसतं ते हे की घरच्या भाषेत सुरुवात करणं हे अर्धंच काम आहे. एका भाषेवरून दुसरीवर जायचा पूल बांधणं हे त्याहून कठीण, आणि तिथे शिक्षकाच्या तयारीचा सगळ्यात जास्त कस लागतो.

कायदा आणि धोरण काय म्हणतं?

कागदावर कमी नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३५०अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी द्यायला राज्यांना सांगतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ 'शक्य असेल तिथवर' मातृभाषेतून शिकवा म्हणतं. (सरकारी भाषेत 'शक्य असेल तिथवर' म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच.) २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी, असं सुचवतं आणि मुलांची भाषा वेगळी असेल तिथे शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत वापरावी, असंही सांगतं.

या बाबतीत १९७४ चा एक अमेरिकी खटला बघण्यासारखा आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधली सुमारे १,८०० चिनी वंशाची मुलं इंग्रजी येत नसताना इंग्रजी वर्गात बसत होती आणि त्यांना कसलीही जादा मदत मिळत नव्हती. शाळांचं म्हणणं होतं, आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो. 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समानता झाली असं नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शिक्षणाचं दार बंदच राहतं, असा त्या निकालाचा आशय. आज कॅलिफोर्नियात इंग्रजी शिकणारी मुलं वर्गात असतील तर शिक्षकाच्या परवान्यावर तशी वेगळी पात्रता नोंदलेली असावी लागते. तिथेही सगळं आलबेल नाही. पण हे वेगळं कौशल्य आहे, हे तरी परवाना देणाऱ्यांनी मान्य केलंय.

आपल्याकडे शिक्षकांना हे कुठे शिकवतात?

थोडं थोडं, विखुरलेलं. टीईटीच्या पहिल्या पेपरमध्ये १५० पैकी ६० गुण दोन भाषांना असतात. केंद्राच्या सीटीईटीच्या अभ्यासक्रमात 'वैविध्यपूर्ण वर्गात भाषा शिकवण्याची आव्हानं' असा मुद्दाच आहे. पण चार पर्यायांतून एक निवडून हे कौशल्य येत नाही, पोहण्याच्या लेखी परीक्षेसारखी गत.

नोकरीत लागल्यावर 'निष्ठा' या केंद्राच्या ऑनलाइन कार्यक्रमात पायाभूत साक्षरतेच्या १२ कोर्सपैकी एक प्राथमिक वर्गांतल्या बहुभाषिक शिक्षणावर होता. दीक्षा पोर्टलवर बसून व्हिडिओ बघायचे, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं. आशय वाईट नाही. पण रेंज नसलेल्या गावात बसून, इतर अकरा कोर्ससोबत तो 'पूर्ण' करायचा असतो.

प्रत्यक्ष प्रशिक्षण झालंच तर ते वरून खाली झिरपत येतं: पुण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात आणि प्रात्यक्षिक गळतं. तमिळ धड्याच्या प्रयोगाचं केंद्रावर पोहोचेपर्यंत एका स्लाइडवरचं वाक्य होतं. नवी पद्धत अंगवळणी पडायची तर कोणीतरी वर्गात येऊन बसावं लागतं, तास बघावा लागतो, नंतर बोलावं लागतं, आणि हे पुन्हा पुन्हा व्हावं लागतं.

शिक्षकाला दुसरी भाषा शिकवण्याची सरकारी यंत्रणा देशात आहे, हे फार जणांना माहीत नसतं. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ मध्ये सुरू झाली. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. इतर राज्यांतले शिक्षक तिथे दहा महिने राहून मराठी, गुजराती किंवा सिंधी शिकतात. त्रिभाषा सूत्रासाठी उभी राहिलेली ही सोय. एखाद्या शिक्षकाला नवी भाषा नीट यायला दहा महिने द्यावे लागतात, हे सरकारने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं होतं. मेळघाटात बदली झालेल्या गुरुजींना कोरकूसाठी दहा दिवस तरी मिळावेत, ही अपेक्षा जास्त आहे का?

स्थानिक शिक्षकच नेमले तर?

हा सगळ्यात सरळ उपाय वाटतो. ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांमधून बहुभाषिक शिक्षण सुरू केलं, पुढे भाषांची संख्या २१ वर गेली. त्या-त्या समाजातले शिक्षक, त्यांच्याच भागातल्या गोष्टींची पुस्तकं आणि घरच्या भाषेकडून टप्प्याटप्प्याने ओडियाकडे, अशी रचना. मोठ्या प्रमाणावर आणि इतकी वर्षं हे टिकवणारी राज्यं देशात मोजकीच आहेत.

भरतीच्या वाटेत कायद्याची अडचणही आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांच्या सगळ्याच्या सगळ्या जागा आदिवासींसाठी राखीव ठेवणारा आंध्र प्रदेशचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे इतर राज्यांनाही असा नियम सरसकट करता येत नाही.

पण समजा नेमले. गोंडी घरातला शिक्षक स्वतः मराठीतून शिकलेला असतो. त्याने गोंडी कधी लिहिलेली नसते, गोंडीतून गणित शिकलेलं नसतं. शाळेत गोंडी बोलल्याबद्दल त्याने लहानपणी मार खाल्लेला असण्याचीही शक्यता असते. असा शिक्षक अनेकदा मुलांशी मराठीतच बोलतो, कारण 'शाळेत तसंच बोलायचं असतं'. भाषा येणं वेगळं आणि ती शिकवता येणं वेगळं. आपल्याला सगळ्यांना मराठी येते, उद्या एखाद्या तमिळ मित्राला 'ला' कधी लावायचा आणि 'ने' कधी, हे समजावून बघा.

गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. आपल्या भाषेतलं शिक्षण लोकांना नकोच असतं, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

महाराष्ट्रात कोणी केलंच नाही का?

केलंय, आणि आजचं 'मल्टीलिंग्वल' वगैरे शब्द येण्याच्या खूप आधी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला. वारली मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरं चारायच्या कुरणात नेली. 'अंगणवाडी' आणि 'कुरणशाळा' या कल्पना तिथल्याच. पुढे अनुताई आणि रमेश पानसे यांनी उभी केलेली 'ग्राममंगल', पालघरच्या वाडा तालुक्यात सोनाळे इथून निलेश निमकर यांनी चालवलेली 'क्वेस्ट' अशा संस्थांनी आदिवासी मुलांच्या भाषाशिक्षणावर आणि शिक्षकांच्या तयारीवर वर्षानुवर्षं काम केलं.

फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांची गोष्ट तर वेगळीच. जन्माने अमेरिकी, भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या मराठीत समाजागणिक पडणाऱ्या फरकांवर त्यांनी डॉक्टरेट केली आणि मग तिथेच राहून प्रगत शिक्षण संस्था काढली. मघाशी सांगितलेला चौथा प्रकार आठवतोय? ज्या मुलाचं बोलणं 'अशुद्ध' ठरतं तो? त्या मुलाच्या बोलीला न हसता प्रमाण मराठी कशी शिकवायची, यावर त्यांच्या शाळेने केलेलं काम शहरी शाळांनीही बघण्यासारखं आहे.

शहरांवरून आठवलं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. तिथल्या अनेक मुलांसाठीही मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. आणि तिथेही बऱ्याचदा होतं तेच: विरुद्धार्थी शब्द पाठ, लिंग बदला पाठ, निबंध पाठ, आणि मूल रिक्षावाल्याशी मराठीत एक वाक्य बोलत नाही. अमेरिकेतल्या मराठी शाळांमध्ये शनिवार-रविवारी शिकवणारे स्वयंसेवक आई-बाबाही याच अडचणीशी झुंजतात. भाषा येते, दुसरी भाषा म्हणून शिकवायची कशी ते कोणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या ओळखीत शिक्षक असतील तर

त्यांना सुरुवात करायला फार काही लागत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने एनसीईआरटी आणि भारतीय भाषा संस्थेने मिळून केलेल्या ५२ भाषांच्या प्रवेशिका प्रसिद्ध केल्या. आपल्या भागातली भाषा त्यात आहे का, ते आधी बघावं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत साइटवर गोंडीतल्या गोष्टी आहेत. आणि काहीच नसेल तर एक शंभर पानी वही पुरते. रोज मुलांनी त्यांच्या भाषेतले पाच शब्द सांगायचे, शिक्षकाने ते देवनागरीत लिहायचे, समोर मराठी शब्द आणि मुलांनी काढलेलं चित्र. आठवड्यातून एकदा गावातल्या कोणा आजोबांना बोलावून गोष्ट सांगायला लावायची आणि तीही त्याच वहीत उतरवायची. वर्षाअखेरीस वर्गाचा स्वतःचा शब्दकोश तयार होतो. उच्चार चुकला की मुलंच गुरुजींना दुरुस्त करतात, आणि वर्गात आधी गप्प बसणारी मुलं यात बहुतेक वेळा सगळ्यात पुढे असतात.